वाट कोणी पाहायची?

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले. शाळेत संगणक आला तेव्हा तो कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्यायचा आग्रह त्यांनीच धरला, असे संयोजकांनी मला सांगितले. म्हणून आजच्या बोलण्याचा विषय मी साध्या संगणकावरून निवडला. शाळेत, ग्रामपंचायतीत, छोट्या दुकानात असतो तसा, चार-सहा वर्षे जुना, रॅम बेताची, आणि माझ्या विषयापुरता लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारा. हा संगणक माणसाच्या हाकेला वेळेवर ओ का देत नाही, आणि तो देऊ लागावा म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत कोणी काय केले, हे मला तुमच्यासमोर मांडायचे आहे.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तुम्ही अर्ज टाइप करत आहात. मागे पेनड्राइव्हवर एक मोठा व्हिडिओ कॉपी होतो आहे. एकाएकी अक्षरे उमटेनाशी होतात, खिडकी राखाडी पडते, माउसचा बाण अडखळतो. आपण म्हणतो, हँग झाला. प्रत्यक्षात त्या क्षणी यंत्र अतोनात कामात असते. त्याने तुमचे काम मागे ठेवलेले असते, इतकेच.

माणसाला किती उशीर चालतो याचा अभ्यास जुना आहे. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली यावर निबंध लिहिला. पुढे जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये त्याच धाग्याने तीन मर्यादा सांगितल्या. दशांश सेकंदाच्या आत उत्तर आले तर कृती आपल्याच हातून झाली असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते. दहा सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे वळतो. पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी यंत्राच्या हाती जेमतेम १७ मिलिसेकंद असतात. प्रोसेसरच्या हिशेबाने एवढा वेळ प्रचंड आहे. तरीही तो चुकतो, आणि याचे कारण ताकदीची कमतरता क्वचितच असते. बहुतेकदा कारण असते ते आधी कोणाचे काम करायचे या निर्णयात.

इथे दोन हिशेब एकमेकांना छेद देतात. तासाभरात एकूण काम किती उरकले हा एक, आणि एकेका माणसाला किती ताटकळावे लागले हा दुसरा. वडाप जीपचे उदाहरण घ्या. गाडी भरल्याशिवाय चालक निघत नाही. त्याच्या डिझेलचा प्रत्येक थेंब वसूल होतो, पण सर्वांत आधी येऊन बसलेला प्रवासी अर्धा तास तसाच बसून असतो. कामे जमा करून एकदम उरकली, एका कामावरून दुसऱ्यावर कमी वेळा उडी मारली, तर प्रोसेसरचा वेळ वाचतो. सर्व्हरला हेच हवे असते. टेबलावरच्या संगणकाला नेमके उलट हवे असते.

लिनक्सचा जन्म टेबलावरच झाला. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत आपल्या घरच्या ३८६ पीसीसाठी ते लिहायला घेतले. पुढे त्यात पैसा आला तो मात्र सर्व्हरच्या वाटेने. एकट्या आयबीएमने २००१ सालासाठी लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्चाची घोषणा केली होती. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. या यशाचा मला अभिमान आहे. पण जो पगार देतो त्याच्या यंत्रावर चाचण्या होतात, आणि ज्या यंत्रावर चाचण्या होतात त्याच यंत्रासाठी सॉफ्टवेअर घडत जाते. डेटा सेंटरमधला व्यवस्थापक सेकंदाला किती व्यवहार झाले याचा आकडा दाखवू शकतो. शाळेतल्या मुलीचे अक्षर अर्धा सेकंद उशिरा उमटले, याचा आकडा कोणाकडेच नव्हता.

तो आकडा काढायचा पहिला चिकाटीचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिवास पेशाने भूलतज्ज्ञ. प्रोग्रामिंगचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हात घालता यावा म्हणून सी भाषा ते स्वतःहून शिकले. आपल्या संगणकावर लिनक्स अडखळते हे त्यांना जाणवले. केवळ जाणवते म्हणून कोणी ऐकणार नाही हे ओळखून त्यांनी आधी मोजमापाची साधने लिहिली. ‘कॉन्टेस्ट’ आणि ‘इंटरबेंच’ ही त्यांची नावे. मागे जड काम चालू असताना पुढचे हलके काम किती रखडते, हे त्यांतून आकड्यांत दिसू लागले. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत मोलाचे.

मग ते शेड्युलरकडे वळले. प्रोसेसरवर पुढची पाळी कोणाची हे ठरवणारा कर्नलचा भाग म्हणजे शेड्युलर. त्या काळच्या लिनक्स २.६ मध्ये हंगेरीच्या इंगो मोल्नार यांचा शेड्युलर होता. तो अंदाज बांधायचा. जो प्रोग्राम बराच वेळ झोपलेला असतो तो बहुधा माणसाच्या बटणाची वाट पाहत असणार, तेव्हा त्याला आधी पाळी द्या. अंदाज बरोबर निघाला की यंत्र चपळ वाटे. चुकला की पुढची खिडकी थिजे आणि मागचे काम पुढे धावे. अंदाज सुधारण्यासाठी अटींवर अटी चढत गेल्या. कोलिवास यांचे म्हणणे होते की अंदाजच सोडून द्या, काटेकोर न्याय करा. न्यायाने वाटप झाले तर थोडेसेच काम मागणाऱ्याला त्याचा वाटा आपोआप वेळेवर मिळेल. मार्च २००७ मध्ये त्यांनी या तत्त्वावरचा शेड्युलर मांडला. तो मुख्य कर्नलमध्ये जाणार अशी चिन्हे होती. एप्रिलमध्ये मोल्नार यांनी त्याच तत्त्वाचा, पण वेगळ्या रचनेचा शेड्युलर जाहीर केला. पहिली ओळ लिहिल्यापासून ६२ तासांत तो तयार झाला, असे त्यांनीच सांगितले, आणि न्याय्य वाटपाने हे साधते हे दाखवल्याचे श्रेय कोलिवास यांना दिले. ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत मोल्नार यांचा शेड्युलर आला. कोलिवास यांनी त्याआधीच, जुलैमध्ये, काम सोडले होते.

यावर त्या काळी पुष्कळ कडवट लिहिले गेले. माझे मत मी स्पष्ट सांगतो. एका प्रोसेसरपासून हजारो प्रोसेसरपर्यंत चालेल असाच कोड घ्यायचा, आणि तो वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूस आपल्या विश्वासातला हवा, ही मुख्य कर्नलच्या लोकांची भूमिका रास्त होती. शेड्युलर कोणाचा निवडला यात लिनक्सचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते वेगळ्या कारणाने. साध्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी गोळा करून त्यांचे आकड्यांत रूपांतर करणारा एक माणूस निघून गेला, आणि त्याच्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही, कारण अशी जागाच कुठे नव्हती.

कोलिवास दोन वर्षांनी परतले. २००९ मध्ये त्यांनी नवा शेड्युलर काढला, तो मुद्दामच थोड्या प्रोसेसरच्या घरगुती यंत्रांसाठी, मुख्य कर्नलबाहेर ठेवून. मोल्नार यांनी आपल्या सोळा प्रोसेसरच्या यंत्रावर तुलना करून आकडे दिले. हे यंत्र आपण म्हणतो तसे घरगुती नाही, असे कोलिवास यांचे उत्तर आले. त्या वादातून एक चांगली गोष्ट घडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्य शेड्युलरमधली विलंबाची ठरावीक मर्यादा २० मिलिसेकंदांवरून खाली आणली गेली. कोणताही कोड न स्वीकारताही बाहेरच्या माणसाचे ऐकले गेले. कोलिवास यांनी २०२१ मध्ये हे काम कायमचे थांबवले.

न्याय कोणामध्ये करायचा हा प्रश्न मात्र उरला होता. समजा, एका बाजूला वीस प्रक्रिया मिळून एक मोठा प्रोग्राम कंपाइल करत आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक व्हिडिओ चालू आहे. प्रत्येक प्रक्रियेला समान वाटा दिला तर व्हिडिओला एकविसावा हिस्सा येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी सुमारे दोनशे ओळींचा बदल पाठवला. एका टर्मिनलमधून सुरू झालेल्या साऱ्या प्रक्रियांचा एक गट धरायचा आणि वाटणी गटागटांत करायची. वीस जणांच्या गटाला अर्धा, व्हिडिओला अर्धा. टॉरवल्ड्स यांनी त्याचे मनापासून स्वागत केले आणि २०११ च्या मार्चमध्ये, २.६.३८ आवृत्तीत, तो बदल सगळ्यांच्या यंत्रांत आला. एवढ्या थोड्या ओळींत एवढा फरक पडलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

आता सुरुवातीच्या पेनड्राइव्हकडे येतो. तिथे प्रोसेसरचा संबंध फारसा नाही. कॉपीची आज्ञा दिल्यावर कर्नल माहिती लगेच पेनड्राइव्हवर लिहीत नाही. ती आधी रॅममध्ये साठवतो आणि सवडीने लिहितो. अशी न लिहिलेली माहिती उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठू द्यायची, अशी मूळ सेटिंग आहे. ८ जीबी रॅमच्या यंत्रात ती दीड जीबीच्या आसपास जाते. पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहिणारा असेल तर हा साठा उपसायला पाच मिनिटे लागतात. मर्यादा भरली की कर्नल लिहिणाऱ्यांना थोपवू लागतो, आणि बिचाऱ्या एडिटरने दोन केबी सेव्ह करायला मागितले तरी तोही त्या रांगेत अडकतो. वीस टक्क्यांचा हा नियम रॅम थोडी होती तेव्हा ठीक होता. रॅम वाढत गेली, नियम तसाच राहिला. २०१३ मध्ये कर्नलच्या मंडळींत यावर बरीच चर्चा झाली. पुढे जेन्स अ‍ॅक्सबो यांनी मागच्या लिखाणाला लगाम घालणारी व्यवस्था २०१७ च्या ४.१० मध्ये आणली, आणि त्याच वर्षी इटलीतल्या मोदेना विद्यापीठाच्या पाओलो व्हालेंते यांचा बीएफक्यू हा डिस्कसाठीचा शेड्युलर ४.१२ मध्ये आला. तो मुख्य कर्नलबाहेर कितीतरी वर्षे वाट पाहत होता. आजही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या यंत्रावर बीएफक्यू चालू करून पाहा. मागे कॉपी चालू असताना प्रोग्राम उघडण्याच्या वेळेत पडणारा फरक मोजायला घड्याळही लागत नाही. आणि साठ्याची मर्यादा टक्क्यांऐवजी ठरावीक बाइट्समध्ये घालून देण्याची सोय कर्नलमध्ये आहे. शाळांच्या संगणकांवर ती वापरावी असा माझा आग्रह आहे.

सगळ्यांत क्लेशदायक प्रकार मात्र मेमरी संपण्याचा. ४ जीबीचे यंत्र, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, आणि आणखी एक उघडला. हार्ड डिस्कचा दिवा लागून राहतो, बाण हलत नाही, पाच-दहा मिनिटे काही नाही. शेवटी माणूस पॉवरचे बटण दाबून धरतो आणि न सेव्ह केलेले काम गमावतो. स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारे डिस्कवर हलवायची सोय, बंद ठेवला म्हणजे यातून सुटका होते असा समज आहे. तो चुकीचा आहे. जागा करण्यासाठी कर्नल चालू प्रोग्रामचा स्वतःचा कोडच रॅममधून काढून टाकतो, कारण तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. पुढच्या क्षणी तोच कोड लागतो, पुन्हा वाचावा लागतो, दुसऱ्याचा काढावा लागतो. सारा वेळ या येरझाऱ्यांत जातो. मेमरी खरोखर संपली तर एखादा प्रोग्राम बंद करणारी यंत्रणा कर्नलमध्ये आहे, पण तिच्या दृष्टीने मेमरी संपलेलीच नसते. थोडी थोडी जागा सतत मोकळी होतच असते. पुढे बसलेल्या माणसाचे काय चालले आहे हे पाहायला तिला डोळेच नव्हते.

ते डोळे दिले योहानेस वायनर यांनी. ते तेव्हा फेसबुकमध्ये होते. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीत त्यांनी ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही व्यवस्था आणली. मेमरी किती उरली हे ती सांगत नाही. मेमरीची, डिस्कची किंवा प्रोसेसरची वाट पाहण्यात कामांचा किती टक्के वेळ फुकट गेला हे ती सांगते, गेल्या दहा सेकंदांचे, एका मिनिटाचे, पाच मिनिटांचे. म्हणजे वाट पाहण्यालाच आकडा मिळाला. हे काम झाले ते फेसबुकच्या सर्व्हरसाठी, पण लाभ टेबलापर्यंत पोचला. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने एप्रिल २०२० च्या ३२ व्या आवृत्तीत मेमरी संपण्याआधीच हस्तक्षेप करणारा छोटा प्रोग्राम बसवला, ३३ व्या आवृत्तीत रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप आणला, आणि ३४ पासून या नव्या आकड्यांवर लक्ष ठेवून वेळीच एखादा प्रोग्राम बंद करणारी सेवा दिली. उबुंटू या दुसऱ्या वितरणाने २२.०४ आवृत्तीत तीच सेवा घेतली तेव्हा काहींचे ब्राउझर नाहक बंद पडू लागले, आणि तिच्या अटी बदलाव्या लागल्या. चालायचेच, कोणाला बंद करायचे हा निर्णय अवघड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ आवृत्तीत, गूगलच्या यू झाओ यांची नवी पद्धत आली. रॅममधले कोणते पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, जुने झाले हे ती पिढ्यांच्या हिशेबाने ओळखते. जुन्या लॅपटॉपवर नवा कर्नल घालायला माझ्या मते हे एक कारण पुरेसे आहे.

पडद्याच्या बाजूला झालेल्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो. नोम या लिनक्सवरच्या मांडणीत खिडक्या रंगवणे, विस्तारांचा जावास्क्रिप्ट कोड आणि कितीतरी गोष्टी एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक, चालतात. एक विस्तार रेंगाळला की सारा पडदा रेंगाळतो. उबुंटूच्या डॅनियल व्हॅन व्हुख्ट यांनी २०२० मध्ये सुचवलेले, पुढच्या चित्राची आधीच तयारी करून ठेवणारे तंत्र मुख्य नोममध्ये पोचले ते मार्च २०२५ मध्ये, ४८ व्या आवृत्तीत. याउलट हायकू या छोट्या मुक्त प्रणालीने, तिच्या पूर्वसुरी बीओएसप्रमाणे, पहिल्यापासून प्रत्येक खिडकीला स्वतंत्र धागा दिला. आजही मामुली यंत्रावर ती ज्या चपळाईने उत्तर देते ते पाहण्यासारखे आहे.

अलीकडे शेड्युलरमध्येही मोठे फेरबदल झाले. पीटर झिल्स्ट्रा यांनी १९९५ मधल्या एका शोधनिबंधातली कल्पना घेऊन मोल्नार यांच्या पद्धतीला ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून नवे रूप दिले. आता वाटा किती आणि तो किती लवकर हवा या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात. थोडेच काम मागणारा, पण घाईत असणारा प्रोग्राम पुढे जाऊ शकतो. २०२४ च्या ६.१२ मध्ये, वीस वर्षांच्या खटपटीनंतर, काटेकोर वेळ पाळणारा रिअल-टाइम कर्नल मुख्य धारेत आला आणि कर्नल न बदलता स्वतःचा शेड्युलर बाहेरून बसवण्याची सोयही आली. हातात धरून खेळायच्या स्टीम डेकसाठी एक शेड्युलर या सोयीवर लिहिला गेला आहे. कोलिवास यांना जे स्वतंत्र पॅच म्हणून वर्षानुवर्षे सांभाळावे लागले, ते आज एखादा विद्यार्थी आपल्या यंत्रावर करून पाहू शकतो.

आपल्या महाराष्ट्राशी या विषयाचा एक धागा आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वस्तीतल्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. त्यावर फेडोरा लिनक्स आणि पायथॉनमध्ये लिहिलेली शुगर ही मांडणी चालत असे. कल्पना उदात्त होती. पण प्रत्येक उपक्रम रॅमचा मोठा घास घेई, मेमरी भरली की यंत्र थिजे, आणि स्वॅपही नव्हता. मघाशी सांगितलेली मेमरीची सगळी व्यवस्था यायला तेव्हा आणखी दहा-पंधरा वर्षे होती. मुले ज्या यंत्राशी पहिल्यांदा बोलतात त्याने तरी तत्परतेने उत्तर द्यायला हवे, असे मला फार वाटते. यंत्र थांबले की मोठा माणूस यंत्राला दोष देतो. मूल आपलेच काहीतरी चुकले असे समजते.

पुण्या-मुंबईत कर्नलवर आणि मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे शेकडो अभियंते आहेत. मराठी अक्षरे पडद्यावर धड दिसत नव्हती तेव्हा आपल्यातल्याच लोकांनी चित्रे जोडून तक्रारी पाठवल्या, फाँट दुरुस्त केले, भाषांतरे केली, म्हणून आज ती नीट दिसतात. मंदपणाच्या बाबतीत आपण तसे केलेले नाही. आपण वैतागतो, यंत्र पुन्हा सुरू करतो आणि विसरतो.

तेव्हा सभागृहातल्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. ३२ जीबी रॅमच्या लॅपटॉपशेजारी ४ जीबीचे, फिरत्या डिस्कचे एक यंत्र ठेवा आणि आठवड्यातला काही वेळ सगळे काम त्याच्यावर करा. कंपन्यांच्या प्रमुखांनी त्या वेळेला काम मानावे. विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी तुमच्या शाळेतला किंवा कॉलेजातला लिनक्स संगणक अडकला तर तो सावरताच ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘प्रेशर’च्या तीन फायली उघडा. गेल्या पाच मिनिटांचे आकडे, कर्नलची आवृत्ती, रॅम, डिस्कचा प्रकार आणि त्या वेळी काय चालू होते हे लिहून काढा, आणि तुमच्या वितरणाच्या तक्रार नोंदवहीत नोंदवा. ‘स्लो आहे’ एवढे लिहू नका, आकडे लिहा. इंग्रजी अडत असेल तर इथे बसलेल्या थोरांपैकी कोणाकडेही या. मी स्वतः मदत करीन.